शिळा पाव, ताजी न्याहारी

रविवारी शाळेला सुट्टी असते. शेताला नसते आणि गोठ्यालाही नसते. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले नायगाव. या भागातल्या शेतकरी घरातील गृहिणीचा रविवारही धारा, झाडलोट आणि भाकरी यांनीच उजाडतो. फरक एवढाच की, त्या दिवशी मुले घरी असतात आणि "आई, आज काहीतरी वेगळं कर ना" हा हट्टही घरी असतो. त्याच वेळी फडताळात आठवडी बाजारातून आणलेल्या पावाच्या पुड्यातले चार-सहा काप कडक होऊन पडलेले असतात. नुसते खावेत तर घशाखाली उतरत नाहीत, टाकावेत तर जीव होत नाही.

भगिनींनो, या चार कापांतच रविवारची न्याहारी आहे. शहरात तिला फ्रेंच टोस्ट म्हणतात. नाव ऐकून दबकून जाण्याचे कारण नाही. पाव, अंडे, दूध आणि थोडा गोडवा एवढेच तिचे भांडवल. आणि पाव तर शिळाच हवा.

शिळ्याला पुन्हा चव आणण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको. रात्रीची भाकरी उरली की सकाळी ती कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी देणे, उरलेल्या पोळीचा गूळ-तूप घालून मलिदा करणे, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फ्रेंच टोस्ट हा त्याच घराण्यातला. फ्रान्समध्ये या पदार्थाला जे नाव आहे, त्याचा अर्थच मुळी 'वाया गेलेला पाव' असा होतो. प्राचीन रोमच्या पाककृतींच्या पुस्तकातही पावाचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध घालण्याची कृती आहे. म्हणजे शिळा पाव टाकवत नाही ही आपली खंत काही आजची नाही, आणि एकट्या आपलीही नाही.

आपल्या मराठवाड्याला तर याचे एक जवळचे नाते आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादकडे पावाला डबलरोटी म्हणतात आणि तिचे काप तुपात तळून, वेलची-केशराच्या गोड दुधात मुरवून 'डबल का मीठा' करतात. लग्नात आणि ईदेला तो हमखास असतो. आपल्या भागातही ज्यांनी तो खाल्ला असेल, त्यांना पाव आणि दूध यांची जोडी नवी वाटणार नाही. फ्रेंच टोस्ट हा त्याचाच साधा, कमी तुपाचा आणि झटपट होणारा भाऊ समजावा.

मात्र तो करावा तो केवळ जिभेसाठी नव्हे. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाढत्या अंगाच्या मुलाला ती रोज लागतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबला आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्यावीत, असे शाळांना सांगण्यात आले. तेव्हा मुलाच्या ताटातल्या अंड्याची काळजी आता घरानेच अधिक घ्यायला हवी. परसात चार कोंबड्या असतील तर सगळीच अंडी बाजाराला जाऊ देऊ नयेत. आठवड्याची चार तरी घरच्या लेकरांसाठी बाजूला काढावीत.

साहित्य (चार माणसांसाठी)

आदल्या दिवशीच्या पावाचे ८ काप, ४ अंडी, १ कप दूध, ४ चहाचे चमचे साखर किंवा तितकाच बारीक चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, दोन वेलदोड्यांची पूड, तव्यावर सोडायला तूप किंवा तेल.

कृती

अंडी आधी पाण्याच्या भांड्यात सोडून पाहावीत. तळाशी बसले ते ताजे. तरंगले ते वापरू नये. एकेक अंडे वाटीत वेगळे फोडून मगच पातेल्यात घालावे, म्हणजे एखादे खराब निघाले तरी सगळे मिश्रण वाया जात नाही. अंडी चांगली फेटून त्यांत थंड दूध, साखर, मीठ आणि वेलदोड्याची पूड घालावी. गूळ वापरायचा असेल तर तो आधी दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून घ्यावा. तापत्या दुधात गूळ टाकल्यास दूध फाटण्याचा संभव असतो.

मिश्रण पसरट ताटात ओतावे. तवा मंद आचेवर तापत ठेवून थोडे तूप सोडावे. पावाचा काप मिश्रणात ठेवून पंधरा-वीस आकडे मोजेपर्यंत भिजू द्यावा, मग उलटून दुसरी बाजू भिजवावी. जादाचे मिश्रण निथळू देऊन काप तव्यावर टाकावा. एक बाजू बदामी झाली की उलथण्याने उलटावा. मधोमध दाबून पाहिल्यावर ओले मिश्रण बाहेर येऊ नये. अंडे आतपर्यंत शिजलेच पाहिजे. कच्च्या अंड्याने पोट बिघडते.

बिघडते कुठे?

पहिली चूक ताज्या पावाची. ताजा पाव मऊ असल्याने भिजताच फाटतो. शिळा पाव कडक झालेला असतो, म्हणून दूध पिऊनही धड राहतो. पाव ताजाच असेल तर काप रात्रभर दुरडीत, वर पातळ फडके टाकून ठेवावेत. दुसरी चूक मोठ्या आचेची. मिश्रणात साखर असल्याने वरून चटकन काळे होते आणि आत कच्चे राहते. तिसरी गोष्ट चूक नव्हे, धोका आहे. शिळा पाव वेगळा आणि बुरसटलेला वेगळा. एका कापावर हिरवा-पांढरा बुरा दिसला तरी तेवढाच भाग काढून बाकीचा वापरू नये. पावसाळ्यात दमट हवेत पाव लवकर बुरसतो, तेव्हा आधी उजेडात नीट पाहावे.

तिखट आणि बिनअंड्याचा

बापेमाणसांना सकाळी गोड नको असेल तर साखर-वेलदोडा वगळावा आणि बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद घालावी. सोबत शेंगदाण्याची चटणी असली की झाले.

घरात माळकरी मंडळी असतील, किंवा श्रावण असेल, तर अंड्याऐवजी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ घ्यावे. आठ कापांना अर्धी वाटी पीठ, दूध किंवा पाणी घालून भज्याच्या पिठापेक्षा सैल करावे. त्यात तिखट, मीठ, ओवा घालून काप दोन्हीकडून बुडवून खरपूस भाजावेत. अशा घरी अंड्याचा तवा आणि उलथणे वेगळे ठेवावे. सासूबाईंचा नेमही मोडत नाही आणि मुलांचे अंडेही चुकत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवावे. पाव बहुधा मैद्याचा असतो. तो ज्वारीच्या भाकरीची जागा घेऊ शकत नाही. ही न्याहारी आठवड्यातून एकदाची. रोजची ताकद भाकरी, डाळ आणि पालेभाजीचीच.

आता शेवटचे, पण महत्त्वाचे. तव्यावरच्या पदार्थाची एक खोड असते. तो गरम खावा म्हणून एकेक जण खाऊन उठतो आणि करणारी तव्यापाशीच राहते. तिच्या वाट्याला शेवटचा, मोडका, गार काप येतो. कधी तोही येत नाही. रविवारी हे मोडता येईल. भाकरीच्या मोठ्या तव्यावर दोन-तीन काप एकदम बसतात. झालेले काप पातेल्यात उभे लावून, झाकण थोडे तिरके ठेवून वैलावर ठेवावेत. गॅस असेल तर गरम तव्यावर पातेले ठेवावे. अंडी फेटण्याचे काम मुलाला द्यावे, काप भिजवण्याचे मुलीला, चहाचे घरधन्याला. आठही काप झाले की तवा उतरवावा, आणि मगच सगळ्यांनी एका पंगतीला बसावे.

काप मोजून वाढावेत. चार माणसांना आठ, म्हणजे प्रत्येकाला दोन. त्या चौघांत आई आहे, हे मुलांना वाढतानाच कळू द्यावे.