जिमची फी भरली, आता अंगावर काय?

जिम लावली की पहिला आठवडा बाकीच्यांकडे बघण्यातच जातो. कुणाच्या पायात दहा हजारांचे शूज, कुणाचा टॉप आणि टाइट्सचा मॅचिंग सेट, तर कुणी रोज नवं स्ट्रिंजर घालून आरशासमोर. आणि आपण? ढोपराला पातळ झालेल्या कॉलेजच्या ट्रॅकपँटमध्ये. तीन महिन्यांची फी भरताना खिसा आधीच हलका झालेला असतो. मग ‘पुढच्या पगाराला नीट कपडे घेऊ, तेव्हापासून रेग्युलर जाऊ’ असं सुरू होतं आणि भरलेल्या फीमधले दिवस घरी बसून संपतात. लाजेपायी जिम सुटणारे असे मित्रमैत्रिणी तुमच्याही ग्रुपमध्ये असतील.

खरं तर पैसे घालण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत. शूज, आणि मुलींसाठी स्पोर्ट्स ब्रा. शरीराचा भार आणि हिसके या दोन वस्तू झेलतात. बाकी सगळ्यात बिनधास्त काटकसर करा. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत पैलवान घडले ते लंगोटावर, आणि लाल मातीच्या हौद्यात तर पायात काहीच नसतं!

टीशर्टपासून सुरुवात करू, कारण तिथे खर्च शून्यावर आणता येतो. ‘घरात इतके टीशर्ट पडलेत, ते घाल की’ हे आईचं वाक्य इथे शंभर टक्के बरोबर आहे. गणेशोत्सव मंडळाचा, गोविंदा पथकाचा, बॉक्स क्रिकेटच्या टीमचा, कॉलेज फेस्टचा असे चार-पाच टीशर्ट प्रत्येकाच्या कपाटात असतात. त्यातले पाठीवर नाव आणि नंबर छापलेले जर्सीसारखे टीशर्ट बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. दुकानात ‘ड्रायफिट’ म्हणून विकतात, जवळपास तोच प्रकार. कापूस हवेतलाच ओलावा ७-८ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून घामाने कॉटनचा टीशर्ट जड होऊन अंगाला चिकटतो आणि पॉलिएस्टरचा लवकर वाळतो. पण पॉलिएस्टरला घामाचा वास पटकन बसतो आणि सहजी जात नाही. अर्धा-पाऊण तास वेट्स मारून घरी येणाऱ्याला साधं कॉटन चालतं. ट्रेडमिल आणि झुंबावाल्यांनी मंडळाची जर्सी काढावी.

नवं घ्यायचंच असेल तर मुंबईत आझाद मैदानाजवळची फॅशन स्ट्रीट, बांद्र्याचा लिंकिंग रोड, दादर स्टेशनबाहेरचा बाजार आणि पुण्यात कॅम्पातली फॅशन स्ट्रीट किंवा तुळशीबाग आहेच. इथे ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ हा शब्द वारंवार कानावर पडेल. तमिळनाडूतलं तिरुप्पूर हे होजिअरीचं मोठं केंद्र आहे. तिथून परदेशी जाणाऱ्या ऑर्डरींमधला उरलेला किंवा बारीक खोट निघालेला माल खरोखर बाजारात येतो. ब्रँडचं लेबल अनेकदा अर्धं कापलेलं असतं. पण प्रत्येक स्टॉलवरचा माल तोच असतो असं समजू नका. उलटा करून शिवण बघा, दोन्ही हातांनी ताणून सोडा. कापड लगेच पहिल्यासारखं झालं तर ठीक, ढिलं राहिलं तर पुढच्या स्टॉलवर चला. स्टॉलवर ट्रायल रूम नसते, त्यामुळे घरचा नीट बसणारा टीशर्ट सोबत न्या आणि त्यावर ठेवून माप घ्या. साइजच्या अक्षरावर अजिबात जाऊ नका. युरोपसाठी शिवलेला ‘एल’ आणि इथला ‘एल’ यात बराच फरक असू शकतो.

टाइट्सच्या बाबतीत मुलींची फसगत ठरलेली. कुर्त्याखाली घालायच्या लेगिंग्ज स्वस्त मिळतात म्हणून त्याच जिमला नेल्या जातात आणि स्क्वॉटला खाली बसलं की कापड पारदर्शक होतं. घेताना आत हात घालून उजेडासमोर ताणून बघा. हाताची बोटं मोजता आली तर नको. दोन पायांच्या मध्ये वेगळा चौकोनी किंवा त्रिकोणी तुकडा जोडलेला असेल तर शिवण काचत नाही आणि उसवतही नाही. अंगाला चिकटणारं नकोच वाटत असेल तर त्याचं मनाला लावून घेऊ नका. ट्रॅकपँट आणि लांब टीशर्टवर सगळे व्यायाम होतात. फक्त ओढणी, पायघोळ पँट, गळ्यातली लांब साखळी हे ट्रेडमिल आणि केबल मशीनजवळ नको. ते अडकून अपघात होऊ शकतो.

स्पोर्ट्स ब्रा हा काटकसरीचा विषय नाही. आधार मुख्यतः खालच्या पट्ट्याने मिळतो, खांद्यांवरच्या पट्ट्यांनी नाही. म्हणून ट्रायल रूममध्ये हात वर करा. पट्टा वर सरकला तर साइज मोठी आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, श्वास अडू नये. मग तिथेच चार उड्या मारा, बाहेरच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. फक्त वेट्स करणारीला हलक्या आधाराची, स्वस्तातली ब्रा पुरते. धावणारीला आणि झुंबा करणारीला घट्ट आधाराचीच लागते. अंग भरलेलं असेल तर दोन्ही कप वेगळे असलेली बघा, नुसती दाबून बसणारी नको. आतल्या कपड्यांना अनेक ठिकाणी रिटर्न नसतो, तेव्हा ऑनलाइन मागवण्याआधी ती ओळ वाचा.

आता शूज. सर्वांत जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी जातात, कारण जिमसाठी म्हणून आपण जवळजवळ न चुकता रनिंग शूज घेतो. त्यांचा सोल फोमचा, मऊ आणि टाचेकडे उंच असतो. धावताना बसणारा धक्का त्याने शोषायचा असतो. पण खांद्यावर बार घेऊन स्क्वॉटला उभं राहिलं की तोच फोम दबतो आणि पाय डुगडुगतो. वेट्ससाठी सपाट, कडक सोल हवा. म्हणून जगभरचे लिफ्टर साध्या कॅनव्हासच्या कन्व्हर्स घालून डेडलिफ्ट मारतात. आपल्याकडे शाळेच्या पीटीला घालतो ते सपाट रबरी सोलचे कॅनव्हास शूजही त्या कामाला चालतात, आणि तेही काही शेकड्यांत. हसणाऱ्यांना हसू दे.

थोडं ट्रेडमिल, थोडं वेट्स, आठवड्यातून एकदा झुंबा असं मिश्र वेळापत्रक असेल तर बॅडमिंटनचे शूज बघा. कोर्टवर आडव्या-तिडव्या उड्या मारायच्या असल्याने ते बाजूने पाय नीट धरतात, सोल बुटका असतो आणि फरशीवर पकड चांगली असते. धोबीतलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत, डेकॅथलॉनमध्ये, तालुक्याच्या खेळाच्या दुकानातही ते मिळतात. रोज पाच-सात किलोमीटर धावणाऱ्यानेच रनिंग शूजवर पैसे घालावेत.

शूज संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. जिमला घालणार तेच मोजे घालून ट्राय करा. उभं राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच निसटायला नको. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतोच, माप मोठ्या पायाचं. बाजारातल्या ‘फर्स्ट कॉपी’चा मोह टाळा. वरून हुबेहूब दिसते, पण पैसे सगळे लोगोचे असतात आणि आत काय भरलंय ते कळत नाही. त्याच पैशात साध्या कंपनीचा खरा जोड येतो. सेलमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेला जोडही वाकवून बघा, सोलचा गोंद सुटत असेल तर सूट कितीही असो, नको.

बजेटचं गणित असं बसतं. हातात ३००० रुपये असतील तर निम्मे शूजवर. मुलींनी उरलेल्यातले निम्मे दोन स्पोर्ट्स ब्रांवर. राहिलेल्यात एक टाइट्स किंवा ट्रॅकपँट आणि मोज्यांचे तीन जोड, टीशर्ट घरचे. जास्त खर्च करणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतचा कपडा किंवा बुटांचा जोड यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे कर धरण्याआधी २५०० ची वस्तू २६२५ ला पडते आणि २६०० ची ३०६८ ला.

आता ते टिकवायचं. घामेजलेले कपडे बॅगेत कोंबून त्याच बॅगेसकट लोकलने ऑफिसला गेलात तर वास तर येतोच, शिवाय ओल्या कपड्यात तासन्‌तास राहिल्याने जांघेत नायटा होतो. झालाच तर मित्राने सुचवलेली मेडिकलमधली क्रीम लावू नका. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने खाज थांबते आणि नायटा पसरतो. थेट त्वचेच्या डॉक्टरकडे जा. कपडे घरी आल्या आल्या गार पाण्यात बुडवा, उलटे करून धुवा, सावलीत वाळत घाला. ऊन, इस्त्री आणि ब्लीचने लायक्रा मरतो. फॅब्रिक कंडिशनर तर नकोच, त्याचा थर बसला की ड्रायफिटचं घाम ओढणं बंद होतं.

पावसाळ्यात शूज भिजले तर गॅसजवळ किंवा उन्हात ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. आतला सोल काढून वेगळा वाळवा आणि शूजमध्ये जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. ही पुरवणी वाचून झाली असेल तर हीसुद्धा चालेल.