वर्गणीशिवाय ऑफलाइन संगीत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंटरनेटवरून संगीत ऐकण्याच्या ज्या पद्धतीला स्ट्रीमिंग म्हणतात, तिच्यात गाणे श्रोत्याच्या फोनमध्ये कायमचे येऊन राहत नाही. ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि वाजत असतानाच लहान लहान तुकड्यांत फोनपर्यंत पोहोचत असते. त्यामुळे इंटरनेट खंडित झाले की संगीतही थांबते. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत, सह्याद्रीच्या घाटवाटांत किंवा मोबाइलचा मनोरा दूर असलेल्या गावात राहणाऱ्या वा प्रवास करणाऱ्या श्रोत्याला इंटरनेटशिवाय, म्हणजेच ऑफलाइन, संगीत हवेसे वाटते, ते याच कारणाने. ही गरज खरी आहे. परंतु ती पैसे न भरता कशी भागवता येईल याविषयी जी समजूत रूढ आहे, तिच्यात तंत्राविषयीचे आणि कायद्याविषयीचे अनेक गैरसमज मिसळलेले आहेत. गाणे ऐकण्याची परवानगी, ते साठवण्याची परवानगी आणि त्याची प्रत मालकीची असणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले तर त्यांतील बहुतेक गैरसमजांचे निरसन होते.

गैरसमज १ : एकदा ऐकलेले गाणे फोनमध्ये उतरलेलेच असते, ते फक्त शोधून काढायचे असते.

या समजुतीला थोडासा आधार आहे. संपर्क क्षणभर तुटला तरी गाणे अडखळू नये म्हणून ॲप पुढचे तुकडे आधीच मागवून ठेवते आणि ऐकून झालेल्या गाण्यांचा काही भागही तात्पुरता जपून ठेवते. या तात्पुरत्या साठ्याला कॅशे म्हणतात, आणि गाडी बोगद्यात शिरल्यावरही चालू गाणे काही काळ वाजत राहते ते त्याच्यामुळेच. मात्र हा साठा सांकेतिक रूपात बंद केलेला असतो, त्याची किल्ली ॲपकडेच असते, आणि जागा कमी पडली की ॲप जुने तुकडे आपोआप पुसून टाकते. फोनमधील फाइलींच्या यादीत तो सापडला तरी दुसऱ्या प्लेयरवर वाजत नाही.

भारताच्या प्रताधिकार कायद्याने, म्हणजेच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, अशा साठवणुकीची वेगळी दखल घेतली आहे. कलम ५२ नुसार प्रसारणाच्या निव्वळ तांत्रिक प्रक्रियेत होणारी क्षणिक किंवा आनुषंगिक साठवण हा हक्कभंग ठरत नाही. ही मुभा प्रक्रियेपुरती आहे. त्या साठ्यातून कायमची प्रत तयार करण्याचा अधिकार तिच्यातून निर्माण होत नाही.

गैरसमज २ : वर्गणी भरून डाउनलोड केलेले गाणे कायमचे आपले होते.

फुकट योजनेत जे मिळत नाही ते पैसे भरल्यावर पूर्णपणे मिळते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात वर्गणीदाराला मिळते ती मुदतीची परवानगी असते, आणि प्रत्येक सशुल्क योजनेत डाउनलोडची सोय असतेच असेही नाही. स्पॉटिफायवर ज्या योजनेत ती आहे, त्या योजनेत एका उपकरणावर १०,००० पर्यंत गाणी आणि जास्तीत जास्त ५ उपकरणे अशी मर्यादा आहे; शिवाय ३० दिवसांत किमान एकदा इंटरनेटला जोडून वर्गणी चालू असल्याची खातरजमा व्हावी लागते. वर्गणी संपली की उतरवलेली गाणी वाजणे बंद होते. वाचनालयाची वर्गणी थांबवल्यावर घरी आणलेले पुस्तक परत करावे लागते, तसाच हा व्यवहार आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स इंडस्ट्रीज ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही स्ट्रीमिंग सेवा या प्रकरणात या व्यवहाराचे स्वरूप तपासले. वर्गणी चालू असेपर्यंतच वाजणारे डाउनलोड हे एक प्रकारे ध्वनिमुद्रण व्यावसायिक भाड्याने देणे आहे आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी हवी, असा त्या निकालाचा आशय होता. २०२२ मध्ये खंडपीठानेही तो कायम ठेवला. भाड्याच्या वस्तूला जी अनिश्चितता असते ती येथेही आहे. गाना या सेवेने २०२२ मध्ये फुकट ऐकण्याची योजना बंद केली, रेसो ही सेवा जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेली, आणि ज्या विंकविषयी हा खटला झाला तीही २०२४ मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले. सेवा बंद झाली की तिच्या ॲपमधील डाउनलोडही निरुपयोगी ठरतात.

गैरसमज ३ : स्वतःपुरते ऐकायचे असेल तर कोणतेही गाणे कोणत्याही मार्गाने उतरवणे कायदेशीर आहे.

खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी ‘न्याय्य वापर’ करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे, हे खरे. स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरील गाणी स्वतःच्याच फोनमध्ये भरून ऐकणारा श्रोता या मुभेच्या आशयाला धरूनच वागत असतो. परंतु ‘न्याय्य’ या अटीला अर्थ आहे, आणि एखादा वापर न्याय्य आहे की नाही हे प्रत निर्माण होण्याचा मार्ग, तिचा हेतू आणि हक्कधारकाच्या उत्पन्नावर होणारा परिणाम यांवरून ठरते. विंकच्या प्रकरणात कंपनीने आपल्या ग्राहकांच्या वैयक्तिक वापराचा आधार घेऊ पाहिला, तेव्हा व्यावसायिक सेवेला त्या मुभेचा आश्रय घेता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. दुसऱ्यांना गाणी उतरवून देणारी संकेतस्थळे आणि ॲपे हाच युक्तिवाद करतात, म्हणून ही भूमिका लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ६५ क आणले, जे इंग्रजी पाठात ‘६५ ए’ म्हणून ओळखले जाते. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेले तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने फोडणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो, असे ते सांगते. गाणी सांकेतिक रूपात पाठवणारी आणि केवळ परवानगी असलेल्या उपकरणावरच उलगडू देणारी यंत्रणा हे असेच कुलूप असते. याखेरीज प्रत्येक सेवेचा वापरकर्त्याशी करार असतो, आणि तो मोडल्यास खाते बंद करण्याचा अधिकार सेवेला असतो.

गैरसमज ४ : एमपी३ मध्ये रूपांतर करताना ३२० निवडले की उत्तम दर्जाचे गाणे मिळते.

एका सेकंदाच्या ध्वनीसाठी किती माहिती वापरली जाते, या मापाला बिटरेट म्हणतात आणि ते किलोबिटमध्ये मोजले जाते. १६० किलोबिटच्या दराने चार मिनिटांचे गाणे सुमारे ४.८ एमबीचे होते, तर ३२० च्या दराने सुमारे ९.६ एमबीचे. परंतु स्ट्रीमिंगमधील ध्वनी बहुधा आधीच आटोपशीर केलेला असतो. कानाला कमी जाणवणारे सूक्ष्म तपशील त्यातून वगळलेले असतात आणि वगळलेली माहिती पुन्हा निर्माण करता येत नाही. म्हणून १२८ च्या आसपासच्या दराने आलेला ध्वनी ३२० च्या फाइलीत भरला तर फाइल मोठी होते, ध्वनी सुधारत नाही. उलट दुसऱ्यांदा आटोपशीर करताना आणखी थोडा तपशील गळतो. तानपुऱ्याच्या नादातील अनुनाद किंवा तबल्याच्या चाटेची धार यांसारख्या नाजूक गोष्टींना याचा फटका सर्वांत आधी बसतो.

अशा रूपांतराच्या उद्योगाला स्ट्रीम-रिपिंग म्हणतात. यूट्यूब-एमपी३ हे त्यातील एक मोठे संकेतस्थळ ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २०१६ मध्ये भरलेल्या खटल्यानंतर २०१७ मध्ये बंद झाले.

गैरसमज ५ : बदल केलेले ॲप बसवले की सशुल्क सोयी फुकट मिळतात आणि धोका काहीच नसतो.

मूळ ॲपमध्ये तिसऱ्याच कोणीतरी फेरफार करून वाटलेल्या आवृत्त्या अधिकृत ॲप-दुकानाबाहेरून बसवाव्या लागतात, त्यामुळे त्यांची सुरक्षातपासणी करण्यास कोणीही बांधील नसते. डाउनलोडसारख्या सोयींची परवानगी सेवेच्या सर्व्हरवर तपासली जाते, त्यामुळे फोनमधील ॲप बदलूनही ती सोय मिळेलच असे नाही. धोका मात्र नक्की पत्करावा लागतो. असे ॲप खात्याचा पासवर्ड टिपू शकते, आणि त्याला संदेश वाचण्याची परवानगी दिली गेली तर बँकेकडून येणारा ओटीपीही त्याच्या हाती पडू शकतो. काही रुपयांची वर्गणी वाचवण्यासाठी बँकखाते पणाला लावणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचा सौदा आहे.

गैरसमज ६ : जुनी गाणी आता सर्वांचीच झाली आहेत.

या गैरसमजाचा विचार सविस्तर करायला हवा, कारण त्यातील खरा भाग मराठी श्रोत्याला अतिशय उपयोगी आहे. एका गाण्यात सामान्यतः तीन स्वतंत्र हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते ज्या वर्षी प्रसिद्ध झाले, त्यापुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२५ पासून या हक्कातून मुक्त झाली. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र गीतकार आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजला जातो.

संगीत ‘स्वयंवर’ हे नाटक १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये निवर्तले आणि त्यातील पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. शब्द आणि चाल या दोहोंची मुदत केव्हाच संपली आहे, म्हणून बालगंधर्वांनी गायिलेल्या या पदांच्या, १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्या भारतात तिन्ही बाजूंनी मुक्त आहेत. याउलट १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ घ्यावे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये निवर्तले. त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत टिकणार आहे. एखादे ध्वनिमुद्रण कितीही जुने असले तरी हे दोन हक्क शिल्लक असतील तर ते गाणे मुक्त झाले असे म्हणता येत नाही. तसेच मुक्त झालेले पद आजच्या गायकाने नव्याने गाऊन प्रसिद्ध केले, तर त्या नव्या ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे नव्याने सुरू होतात.

परदेशस्थ मराठी श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हक्काची मुदत त्या त्या देशाच्या कायद्याने ठरते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९२३ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचे संरक्षण दिले आहे, त्यामुळे पुण्यात मुक्त असलेली तबकडी न्यू जर्सीतही मुक्त असेलच असे गृहीत धरता येत नाही. एखादी फाइल इंटरनेट आर्काइव्हसारख्या सार्वजनिक संग्रहात आहे एवढ्यावरून ती मुक्त ठरत नाही. तिन्ही हक्कांच्या तारखा तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

गैरसमज ७ : फुकट ऐकले काय आणि उतरवून घेतले काय, कलावंताला सारखेच काही मिळत नाही.

अधिकृत फुकट योजनेत श्रोत्याला जाहिराती ऐकाव्या लागतात, आणि त्या जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा हक्कधारकांकडे जातो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील, म्हणजे रॉयल्टीतील, समान वाटा संरक्षित केला. तो वारसांखेरीज किंवा प्रताधिकार संस्थेखेरीज अन्य कोणालाही कायमचा लिहून देता येत नाही. मुंबईस्थित इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था अशी रक्कम गोळा करून सदस्यांना वाटते. प्रत्येक वेळची रक्कम अल्प असते हे खरे, परंतु अनधिकृत प्रत कितीही वेळा वाजली तरी तिची कोठेच नोंद होत नाही आणि गीतकाराच्या हाती शून्यच पडते.

गैरसमज ८ : वर्गणी नसेल तर ऑफलाइन संगीताचा कोणताच सरळ मार्ग उरत नाही.

असे मार्ग अनेक आहेत. पहिला मार्ग खरेदीचा. आयट्यून्स स्टोअरवर विकली जाणारी गाणी २००९ पासून तांत्रिक कुलुपाविना मिळू लागली. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर कलावंत स्वतः आपले संगीत विकतात, तेथे एमपी३ बरोबरच कोणताही तपशील न गाळणाऱ्या फ्लॅक स्वरूपातही फाइल मिळते, आणि काही कलावंत किमान किंमत शून्यही ठेवतात. सीडी विकत घेऊन तिची गाणी फोनमध्ये भरता येतात, तर २०१७ मध्ये आलेल्या सारेगामा कारवाँसारख्या यंत्रात हजारो गाणी आधीच भरलेली असतात.

दुसरा मार्ग मुक्त परवान्याचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्यांखाली कलावंत आपले संगीत उतरवून घेण्याची आणि वाटण्याची परवानगी आधीच देऊन ठेवतो. कलावंताला श्रेय देणे किंवा व्यावसायिक वापर टाळणे यांसारख्या अटी परवान्यातच लिहिलेल्या असतात. फ्री म्युझिक आर्काइव्ह आणि जमेंडो येथे असे संगीत मोठ्या प्रमाणावर आहे. तिसरा मार्ग मुदत संपलेल्या तबकड्यांचा, ज्याचा उल्लेख वर आला आहे. याखेरीज स्पॉटिफायवर वर्गणीशिवाय गाणी उतरवता येत नसली तरी पॉडकास्ट उतरवता येतात, आणि संगीतविषयक कितीतरी व्याख्याने व मुलाखती त्या रूपात मिळतात.

चौथा मार्ग सर्वांत जुना आहे. एफएम रेडिओला इंटरनेट लागत नाही. फोनमध्ये ती सोय असेल तर तारेचा इअरफोन जोडताच ती तारच ॲन्टेनाचे काम करते. ही सोय बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन-उत्पादकांच्या संघटनांना केली होती, कारण नेटवर्क कोलमडलेल्या आपत्तीच्या काळातही रेडिओ चालू राहतो.

म्हणून वर्गणी घ्यावी की नाही याचा निर्णय गरजेवरून करावा. रोज नवनवे ऐकण्याची आवड असलेल्याला स्ट्रीमिंगची फुकट किंवा सशुल्क योजना सोयीची आहे; मात्र जी शंभर-दोनशे गाणी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा ऐकली जाणार आहेत, ती एकदा विकत घेऊन किंवा मुक्त स्रोतातून मिळवून फोनमध्ये आणि एका वेगळ्या साठवणीत ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. अशा प्रतीला मुदत नसते, तिच्यासाठी ॲप लागत नाही, ती देणारी कंपनी उद्या बंद पडली तरी ती वाजत राहते, आणि ज्याने ते गाणे निर्माण केले त्याचा हक्कही अबाधित राहतो.