कार्ड गेले, सिम राहिले

सिम कार्डात आपला मोबाइल नंबर असतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात कार्डातल्या मुख्य गोष्टी दोन. एक, पंधरा आकडी ग्राहक-क्रमांक, ज्याला आयएमएसआय म्हणतात. भारतातल्या कंपन्यांचा हा क्रमांक ४०४ किंवा ४०५ने सुरू होतो. दुसरी, १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. तीच किल्ली कंपनीच्या संगणकातही असते. आपला दहा आकडी नंबर कोणत्या ग्राहक-क्रमांकाला जोडलेला आहे, ही नोंद मात्र कंपनीकडे असते. म्हणून तर कार्ड हरवले की गॅलरीत जाऊन नवे घेता येते आणि नंबर तोच राहतो. ई-सिम समजून घ्यायचे तर एवढे पक्के ध्यानात ठेवावे. पुढचे सगळे यावरच उभे आहे.

फोन चालू केला की नेटवर्क कार्डाकडे एक यादृच्छिक संख्या पाठवते. कार्ड त्या संख्येवर गुप्त किल्लीने गणित करते आणि उत्तर परत पाठवते. तेच गणित कंपनीकडेही होते. उत्तरे जुळली की रेंज आली. या सगळ्यात किल्ली स्वतः कार्डाबाहेर एकदाही पडत नाही, फक्त उत्तर बाहेर पडते. थ्रीजीपासून पुढे कार्डसुद्धा नेटवर्क खरे आहे का हे तपासून घेते.

हे काम करते ती चिप, प्लॅस्टिक नव्हे. म्युनिकच्या गिझेके अँड डेव्ह्रियंट कंपनीने १९९१ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिन्या या मोबाइल कंपनीला पहिली ३०० सिम कार्डे विकली, तेव्हा सिम बँकेच्या कार्डाएवढे होते. पुढे ते २५ बाय १५ मिलिमीटर झाले, मग १५ बाय १२, आणि शेवटी नॅनो सिम १२.३ बाय ८.८. दर वेळी कापले गेले ते मुख्यतः प्लॅस्टिकच. ई-सिममध्ये ते पूर्ण गेले. साधारण सहा बाय पाच मिलिमीटरची चिप कारखान्यातच फोनच्या सर्किटवर बसवली जाते. तिला स्वतःचा बत्तीस आकडी क्रमांक असतो, ईआयडी. ई-सिमच्या फोनवर *#०६# दाबले की फोनच्या आयएमईआय क्रमांकाबरोबर बहुतेक वेळा तोही दिसतो. पण या चिपमध्ये कोणत्याही कंपनीचा ग्राहक-क्रमांक नसतो, किल्लीही नसते. ती रिकामी येते.

खरा प्रश्न इथून सुरू होतो. आधी किल्ली कारखान्यात कार्डात भरली जायची आणि कार्ड हातोहात आपल्यापर्यंत यायचे. आता तीच किल्ली इंटरनेटवरून यायची, तर वाटेत ती कोणी वाचू नये याची सोय काय? जीएसएमए या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ग्राहकांच्या उपकरणांसाठी यावर एक सामाईक पद्धत ठरवली. सगळे त्याच वाटेने जातात.

कंपनी आपल्यासाठी एक प्रोफाइल तयार करते. त्यात नवा ग्राहक-क्रमांक, नवी किल्ली आणि नेटवर्कची माहिती असते. हे प्रोफाइल एका खास सर्व्हरवर ठेवले जाते. आपल्याला मिळतो क्यूआर कोड. त्यात प्रोफाइल नसतेच. त्यात असतो त्या सर्व्हरचा पत्ता आणि एक सांकेतिक खूण. एसटीच्या पार्सल ऑफिसातल्या पावतीसारखे हे आहे. पावतीत माल नसतो, पण पावती ज्याच्या हाती त्याला माल मिळतो. काही कंपन्या ईआयडी आधीच मागून घेतात, म्हणजे प्रोफाइल त्याच चिपसाठी राखून ठेवता येते. ही पद्धत मला जास्त चांगली वाटते.

कोड स्कॅन केला की फोन वायफायवरून सर्व्हरशी जोडला जातो. चिपमध्ये तिच्या उत्पादकाने ठेवलेले डिजिटल प्रमाणपत्र असते, सर्व्हरकडेही असते. दोघे एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात. मग फक्त त्या वेळेपुरती एक सामाईक किल्ली ठरते आणि प्रोफाइल तिने कुलूपबंद होऊन निघते. फोन हे पाकीट वाहून नेतो, पण ते उघडू शकत नाही. उघडते ती चिपच. प्रोफाइल चिपच्या वेगळ्या कप्प्यात बसते, चिप पोच देते आणि कंपनी आपला नंबर जुन्या ग्राहक-क्रमांकावरून काढून नव्याला जोडते. त्या क्षणी जुने कार्ड निकामी होते. एका चिपमध्ये अशी अनेक प्रोफाइल राहू शकतात. एका वेळी चालू असतात एक किंवा दोन.

याचे फायदे खरे आहेत. चोराला फोनमधून ई-सिम काढून दुसऱ्या फोनात घालता येत नाही, त्यामुळे आपले ओटीपी त्याच्या हाती लागणे अवघड होते. (साधे कार्ड वापरणाऱ्यांनी निदान सिमचा पिन लावून ठेवावा. ही सोय फार जुनी आहे आणि फार थोडे लोक वापरतात.) परदेशात राहणाऱ्याला एकाच फोनवर तिथला नंबर आणि बँकेसाठी भारतातला नंबर दोन्ही ठेवता येतात. अमेरिकेत नवा आयफोन घेणाऱ्याला तर आता दुसरा मार्गही उरलेला नाही. २०२२ च्या आयफोन १४ पासून तिथल्या आयफोनला सिमची खाचच नाही. तिकडून मुलाने पाठवलेला असा फोन पुण्या-नागपुरात वापरायचा, तर नंबर ई-सिमवरच घ्यावा लागतो.

पण एक गोष्ट आपल्या हातून गेली आहे. फोन बंद पडला की कार्ड काढून घरातल्या जुन्या बटणांच्या फोनात टाकायचे आणि लगेच कामाला लागायचे, ही मुभा ई-सिममध्ये नाही. पडदा फुटला तर नवा कोड मागावा लागतो. प्रोफाइल चुकून पुसले तरी तेच, कारण एकदा वापरलेला कोड सहसा पुन्हा चालत नाही. म्हणून ज्यांचा फोन जुना आहे किंवा ज्यांना गॅलरी गाठणे लांब पडते, त्यांनी आज तरी कार्डच ठेवावे, असे माझे मत आहे. फोनमधून फोनमध्ये ई-सिम हलवण्याची सोय काही ठिकाणी सुरू झाली आहे. ती सगळ्या कंपन्यांनी, सगळ्या फोनांसाठी आणि फुकट द्यायला हवी.

बदल करायचाच असेल, तर नवीन प्रोफाइलला रेंज येईपर्यंत जुने कार्ड टाकून देऊ नका. सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी चोवीस तास एसएमएस बंद ठेवले जातात. त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नका. आणि कंपनीतून बोलतोय असे सांगून कोणी ई-सिमसाठी लिंक उघडायला, कोड सांगायला किंवा आलेल्या एसएमएसला होकार द्यायला सांगितले, तर फोन ठेवून द्या. अशाच एका होकाराने आपला नंबर त्याच्या फोनवर जातो. रिचार्ज असताना रेंज अचानक गेली आणि परत आलीच नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.