साखळी हातात, घाण बागेत

आमच्या गावच्या बागेत सकाळी सहा वाजता गेलात, तर निम्मा गाव भेटतो. मधुमेहवाले भेटतात, गुडघेदुखीवाले भेटतात, डॉक्टरने दम दिला म्हणून नाइलाजाने चालणारे भेटतात आणि कुत्र्याला फिरवायला आलेले भेटतात. या शेवटच्या मंडळींत बरीच वर्षे मीही होतो. आमचा मोती हिरवळीच्या कडेला किंवा मुलांच्या घसरगुंडीमागच्या मऊ मातीत बसायचा आणि तो बसला, की मी झाडाकडे बघायचो. सगळेच बघतात. तेवढ्या दोन मिनिटांत कुत्र्याच्या मालकाला पक्षिनिरीक्षणाची भारी गोडी लागते.

ही कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना डॉक्टर लोकांना शहाणपणा शिकवतो आहे, असे कोणाला वाटायला नको.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एक आई आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. तशी तक्रार काहीच नव्हती. ताप नाही, खोकला नाही, खाणेपिणे व्यवस्थित. वाढदिवसाला मामाने मोबाईलवर काढलेला फोटो तिने माझ्यापुढे धरला. ‘‘डॉक्टर, फोटोत याचा एक डोळा लाल येतो आणि दुसरा पांढरा. सगळ्या फोटोंत तसंच. मामा म्हणाला, दाखवून तरी ये.’’

मी मुलाचा उजवा डोळा तळहाताने झाकला, समोर बोटे धरली आणि विचारले, ‘‘किती?’’ तो हसला आणि म्हणाला, ‘‘आधी हात काढा ना, मग सांगतो.’’

डावा डोळा जवळजवळ गेला होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. खुद्द मुलालाही नव्हता. लहान मुलाचा एक डोळा हळूहळू गेला, तर तो तक्रार करीत नाही, कारण दुसरा डोळा सगळे काम उरकत असतो. त्याला वाटते, सगळ्यांना असेच दिसते.

बाहुलीत पांढरी चमक दिसली, की आम्हा डॉक्टरांच्या मनात पहिला विचार येतो तो रेटिनोब्लास्टोमाचा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातील कॅन्सरचा. त्याच दिवशी मी त्यांना शहरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे धाडले. पुढचे चार दिवस त्या घराने कसे काढले, ते मी सांगायला नको. वडिलांनी रात्री साडेअकराला फोन करून एवढेच विचारले, ‘‘डोळा काढावा लागेल का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

डोळा काढावा लागला नाही. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान झाले ते जंताच्या अळीचे. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या गोल जंताची एक सूक्ष्म अळी मुलाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊन पोहोचली होती. तिच्याभोवती सूज आली आणि सुजेचा व्रण झाला. औषधांनी सूज उतरली, डोळा राहिला. नजर मात्र परत आली नाही.

वडील माझ्याकडे आले तेव्हा चिडलेले होते. ‘‘आमच्या सात पिढ्यांत कोणी कुत्रं पाळलं नाही, डॉक्टर. कुत्र्याचा जंत आमच्या पोराच्या डोळ्यात आला कुठून?’’ मी विचारले, मुलगा खेळतो कुठे? ते म्हणाले, ‘‘बागेत, घसरगुंडीपाशी. संध्याकाळी आजोबा घेऊन जातात.’’

ती जागा मला चांगली ठाऊक होती. नेमक्या कोणत्या कुत्र्यामुळे हे झाले, हे जगातली कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही. पण मोतीला मी वर्षानुवर्षे जंताचे औषध दिलेले नव्हते. रेबीजची लस मात्र दर वर्षी न चुकता.

आपल्याकडे कुत्रा म्हटले, की रेबीज एवढेच आठवते. पोटातली ती चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली, आता दंडात देतात, तरी त्यांची भीती गेलेली नाही. रेबीजची भीती हवीच, त्यात तडजोड नाही. पण चावणारा कुत्रा दिसतो, हा जंत दिसत नाही. त्याचे नाव टोक्सोकारा. शेवयांसारखे पांढरट जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतात. एकेक मादी दिवसाला लाखभर, कधी त्याहूनही अधिक अंडी घालते आणि ती सगळी विष्ठेवाटे बाहेर पडतात. सर्वांत जास्त अंडी पडतात ती पिल्लांच्या शीमधून, कारण पिल्लाला हा जंत आईच्या पोटात असतानाच मिळालेला असतो आणि पुढे तिच्या दुधातूनही मिळतो. म्हणजे ‘आमचे पिल्लू घराबाहेर गेलेच नाही, त्याला जंत कुठून होणार’ हा युक्तिवाद टिकत नाही.

आता जी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा नीट समजली, ती सांगतो. या जंताची अंडी बाहेर पडल्या पडल्या बाधक नसतात. आत अळी तयार व्हायला वेळ लागतो. ऊब आणि ओल मिळाली, तर साधारण दोन ते चार आठवडे. म्हणजे रस्त्यात जी ताजी घाण दिसल्यावर आपण नाकाला रुमाल लावून, धोतर-साडी सावरून बाजूने जातो, ती या रोगाच्या दृष्टीने निरुपद्रवी असते. महिन्याने ती वाळते, चुरा होतो, पावसाने मातीत मिसळते, वासही राहत नाही. ‘बाग स्वच्छ आहे’ असे आपण म्हणतो आणि मुलाला खाली सोडतो. खरा धोका सुरू होतो तो तेव्हा.

ही अंडी चिवट असतात. उघड्या जमिनीवर मे महिन्याच्या उन्हात ती मरतात, पण झुडपांखाली, घसरगुंडीच्या सावलीत आणि माळी रोज पाणी घालतो त्या ओल्या मातीत ती महिनोन्महिने, जागा मानवली तर वर्षानुवर्षे टिकतात. फिनेल टाकून त्यांना काही होत नाही. एकदा मातीत मिसळली, की ती वेचून काढणे कोणालाही शक्य नाही. नगरपालिकेलाही नाही आणि सरकारलाही नाही. मात्र त्याच दिवशी, कुत्रा उठला की लगेच, एका कागदात उचलली तर लाखो अंडी एका मुठीत मावतात. काम दोन मिनिटांचे आहे, पण ते त्या दोन मिनिटांतच करावे लागते.

मुलाच्या पोटात ही अंडी मातीच्या हातांनी जातात. आमच्या बागेच्या फाटकाशीच भेळेची गाडी आहे. मुले वाळूतून उठतात, हात चड्डीला पुसतात आणि थेट भेळेत घालतात. अंडी आतड्यात फुटतात, अळ्या आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि तिथून यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत जातात. माणूस हे त्यांचे खरे घर नव्हे. त्यामुळे त्या वाढून मोठे जंत होत नाहीत, पण वाट चुकलेल्या पाहुण्यासारख्या हिंडत राहतात. पुष्कळ मुलांना काहीच त्रास होत नाही. काहींना बारीक ताप, रात्रीचा खोकला, दम्यासारखी घरघर, पोटदुखी होते. यकृत हाताला लागते आणि रक्तात इओसिनोफिल पेशी भरमसाट वाढतात. अशी मुले ‘दमा’ म्हणून महिनोन्महिने पंप ओढत राहिल्याचेही घडते.

इथे पालक हमखास म्हणतात, ‘‘डॉक्टर, शी तपासली, काही निघालं नाही.’’ निघणारच नाही. मुलाच्या पोटात मोठा जंतच नसतो, तर अंडी कुठून येणार? याचे निदान रक्ताच्या तपासणीवरून आणि डोळ्याच्या डॉक्टरांच्या नजरेने होते. दुसरा गैरसमज शाळेतल्या गोळीचा. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती अवश्य घ्यावी, माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी ती उत्तम आहे. पण शरीरात हिंडणाऱ्या या अळ्यांचा बंदोबस्त एका गोळीने होत नाही. त्यासाठी अधिक दिवसांचे औषध लागते आणि डोळ्याचे प्रकरण तर वेगळेच असते.

हा रोग नवा नाही. १९५० मध्ये अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेने मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांतील बहुतेक कॅन्सरच्या संशयावरून काढलेले होते. त्यांपैकी २४ डोळ्यांत तिला जंताच्या अळ्या किंवा त्यांच्या खुणा सापडल्या. हे वाचले तेव्हा मला ते रात्री साडेअकराचे वडील आठवले. पुढे १९५२ मध्ये पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात भटकणाऱ्या या अळ्यांचे कोडे उलगडले. न्यूयॉर्कमध्ये फ्रॅन ली नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात याच जंताचे नाव घेऊन रान उठवले. त्यांचे म्हणणे तर असे, की कुत्र्याची सोय मालकाने आपल्या घरातच करावी. तेवढे कोणी मानले नाही, पण १९७८ पासून त्या शहरात आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलण्याचा कायदा लागू झाला. पॅरिसने दुसरी वाट धरली. १९८२ पासून घाण शोषून घेणाऱ्या मोटारसायकली रस्त्यांवर फिरवल्या आणि पुढे २००४ मध्ये तो खर्चिक खटाटोप बंद केला. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याच्या घाणीसाठी ५०० रुपये दंड घातला गेला. जिल्ह्याच्या गावात दंड कोण करणार? पावती फाडणारा आणि कुत्रेवाला शेजारीशेजारी राहतात.

मी हा विषय बागेत काढला, तेव्हा एक निवृत्त गृहस्थ उसळून म्हणाले, ‘‘अहो डॉक्टर, गावात एवढी भटकी कुत्री आहेत, त्यांचं कोण उचलतो? आमच्याच मागे का लागता?’’ प्रश्न रास्त आहे. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव मोठा आहे आणि त्यांची नसबंदी, लसीकरण हे पालिकेचे काम आहे. पण आमच्या बागेला चारी बाजूंनी कुंपण आहे आणि दाराशी गुरे-कुत्री शिरू नयेत म्हणून फिरते फाटक बसवले आहे. भटके कुत्रे बाहेरच राहते. आत जाते ते साखळीतले, आणि त्याच्यासाठी फाटक आपणच धरून उभे राहतो. एवढे ऐकून ते गृहस्थ गप्प बसले. पटले म्हणून, की मी त्यांचा रक्तदाब तपासतो म्हणून, ते मला माहीत नाही.

या जंताखेरीज आणखी दोघांची ओळख करून ठेवतो. कुत्र्याच्या हूकवर्मची अळी ओल्या माती-वाळूतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि कातडीखाली नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटवीत रोज थोडी थोडी पुढे सरकते. कोकणात किंवा गोव्याला समुद्रावर जाऊन आलेल्यांच्या पायावर मी ती पाहिली आहे. लोक नायटा समजून मलम चोळत बसतात. दुसरा जंत हायडॅटिडचा. बकऱ्या-मेंढ्यांची कच्ची कलेजी, फुप्फुसे खाणाऱ्या कुत्र्यांना तो होतो आणि माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षे वाढणारी पाण्याची गाठ करतो. याची अंडी मात्र पहिल्या क्षणापासून बाधक असतात. म्हणून कुत्र्याला कच्चे अवयव घालू नयेत आणि त्याला कुरवाळल्यावर हात साबणाने धुवावेत.

हे वाचून कोणी आपला कुत्रा घराबाहेर काढू नये. कुत्र्याला जंताचे औषध मिळते, ते स्वस्त आहे आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याचे वेळापत्रक असते. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी. व्यालेल्या कुत्रीलाही द्यायचे असते, हे बहुतेक जण विसरतात. मांजरालाही असाच जंत होतो आणि मांजर तर वाळू उकरून झाकून ठेवते. म्हणून अंगणात वाळूचा ढीग असेल, तर त्यावर ताडपत्री टाका. मूल माती खात असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि आज घरी आपल्या मुलांचा एकेक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावा. वाचता येत नसेल, तर चित्र ओळखायला सांगा. खर्च शून्य.

उचलायचे कशाने, असे मला विचारतात. प्लास्टिकच्या पिशव्या आपल्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत. जुन्या वर्तमानपत्राचे दुमडलेले पान पुरते. मी तेच वापरतो आणि हे सदर छापलेले पान त्या कामी आले, तरी माझी मुळीच हरकत नाही. पुडी कचरापेटीत टाकावी किंवा घरी आणून नुसती घाण संडासात टाकून भरपूर पाणी ओतावे. गटारात नको आणि भाजीच्या वाफ्यात खत म्हणून तर नकोच.

मोती गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. शेवटचे वर्षभर मी खिशात कागद घेऊन फिरलो. पहिले आठ दिवस लाज वाटली, विशेषतः पेशंट समोरून येत असले की. आता बागेत नियमाने कुत्रा आणणारे अकरा जण आहेत, त्यांतले चौघे कागद आणतात. आम्ही पालिकेला अर्ज देऊन दोन गोष्टी मागितल्या होत्या. कुत्र्याच्या घाणीसाठी झाकणाची पेटी आणि घसरगुंडीजवळ हात धुवायला नळ. पेटी आली आहे. नळाचे अजून काम चालू आहे.

तो मुलगा सहा महिन्यांनी एकदा येतो. आता चष्मा लावतो. नंबर काही नाही, चेंडू-काठी लागून शाबूत डोळ्याला इजा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेला जाड काचेसारखा, न फुटणारा चष्मा आहे. शाळेत मुले चिडवतात म्हणून तो काढून दप्तरात ठेवतो, अशी त्याच्या आईची तक्रार असते.