आसनाचा भाव

धान्याच्या भावाची चढउतार आपणां व्यापाऱ्यांस नित्याची आहे. परंतु खेळ पाहण्याच्या आसनाचा भाव कसा चढतो, हेही विचार करण्याजोगे आहे. लंडनजवळ ट्विकनहॅम येथे पूर्वी कोबीचा मळा होता. अंडाकृती चेंडूने खेळल्या जाणाऱ्या रग्बीच्या इंग्लंडमधील संघटनेने १९०७ साली तो सुमारे साडेपाच हजार पौंडांस विकत घेऊन तेथे क्रीडांगण उभारले. आज तेथे ८२,००० प्रेक्षक बसतात. तरीही २०१८ साली न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याचे सर्वांत महाग तिकीट १९५ पौंडांस विकले गेले.

याची कारणे उघड आहेत. १९९५ साली खेळाडूंना वेतन देण्याची मुभा मिळाली आणि खर्च वाढला. स्वगृही मोठे सामने वर्षाकाठी मोजकेच; गावोगावच्या क्लबांचा भारही त्यांच्याच उत्पन्नावर. २०२३-२४ साली संघटनेस कामकाजात ३ कोटी ७९ लक्ष पौंडांची तूट आली. आसने ठरीव, गिऱ्हाईक पुष्कळ. मग भाव चढणारच.

तथापि, आज न खपलेले धान्य उद्या खपते. रिकामे राहिलेले आसन सामना संपताच मातीमोल होते. शिवाय ज्या क्लबांत मुले हा खेळ शिकतात, तेथील सामान्य पालकास सहकुटुंब सामना परवडेनासा झाला, तर पुढील गिऱ्हाईक कोठून येणार? पेढी चालते ती जुन्या गिऱ्हाइकाच्या पुढील पिढीवर. सुज्ञ शेतकरी कितीही तेजी आली तरी बियाणे विकत नाही. मुलांसाठी स्वस्त राखलेली आसने हे या खेळाचे बियाणेच होय.