पैसे किती कापले, आणि कधी आले

भोसरी, तळवडे, चाकणच्या पट्ट्यात पैशाचा वेग हे जुनं दुखणं आहे. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला माल गेल्यावर बिलाची वाट बघत बसायची सवयच जडलेली असते. 2006च्या एमएसएमई कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं बंधन घातलं. तरीही 2024-25च्या आकारणी वर्षापासून, उशिरा दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट ती प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत मिळणार नाही, अशी जोड त्याला द्यावी लागली. आता यातलीच काही वर्कशॉप दुचाकीचे क्रॅश गार्ड, लेझर कटिंगचे ब्रॅकेट, हत्यारं असला माल स्वतःच्या वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला विकू पाहतात. कार्डाने पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे हवा. गेटवेवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती टक्के घेणार? उधारीत पोळलेल्या माणसाने तरी हा प्रश्न पहिला विचारू नये, असं मला वाटतं.

हिशेब करून बघू. क्रेडिट कार्डावर साधारण 2 टक्के कापले जातात आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 1,200 रुपयांच्या ऑर्डरमागे 24 रुपये कमिशन आणि 4 रुपये 32 पैसे कर. दुसरा कोणी पावणेदोन टक्क्यांत तयार झाला, तर महिन्याला लाखाच्या विक्रीवर 250 रुपये वाचतात. आता समजा, याच स्वस्त गेटवेकडे 50,000 रुपये महिनाभर अडकले. वर्षाला 18 टक्के व्याजाने पैसे उचलणाऱ्याला तेवढ्यात 750 रुपये व्याज पडतं; तीन महिन्यांची बचत एका फटक्यात साफ. शिवाय त्या महिन्यात पत्रा कशातून आणायचा, हे व्याजाच्या आकड्यात येतच नाही.

पैसे अडकतात ते बहुधा लबाडीमुळे नव्हे. नव्या दुकानाची विक्री अचानक पाचपट झाली, तर गेटवेच्या जोखीम विभागाला शंका येते. बँक खात्यावरचं नाव आणि उद्यम नोंदणीवरचं नाव जुळत नसलं तरी गाडी थांबते. सगळ्यात अवघड प्रकार चार्जबॅकचा : गिऱ्हाईक थेट आपल्या बँकेकडे तक्रार करतं आणि ती रक्कम विक्रेत्याच्या येण्यातून वळती होते. ओटीपी टाकून झालेल्या व्यवहारात ‘कार्ड मी वापरलंच नाही’ या तक्रारीचा भार सहसा विक्रेत्यावर येत नाही. पण ‘माल मिळाला नाही’, ‘मिळाला तो बसत नाही’ या तक्रारी त्याच्याच गळ्यात पडतात, आणि दुचाकीला न बसणारा गार्ड ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. उत्तर द्यायला मोजके दिवस मिळतात; कुरिअरची पोच, बिल, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं हाताशी नसेल तर मालही गेला आणि पैसेही.

यावर कोणी म्हणेल, अडकणं कधीतरीच, कापणं मात्र रोजचं. खरं आहे, आणि विक्री स्थिरावल्यावर टक्क्यासाठी जरूर घासाघीस करावी. पण जानेवारी 2020पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याला पडणारं बँकेचं शुल्क, शून्य आहे. निगडीतल्या एखाद्या घरगुती केकवालीची चारशे-पाचशेची बिलं बहुतेक यूपीआयनेच येणार असतील, तर क्रेडिट कार्डाचा टक्का तिच्या विक्रीच्या लहानशा तुकड्यालाच लागतो. फक्त गेटवे यूपीआयवर स्वतःचं वेगळं शुल्क लावतो का, हे तिने पाहून घ्यावं.

मग डोळे मिटून मोठं नाव घ्यावं? रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020ला पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या अशा गेटवे कंपन्यांसाठी, नियम आणले : परवाना हवा, आणि व्यापाऱ्याचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळे ठेवायचे. त्या परवान्याच्या प्रक्रियेत डिसेंबर 2022मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री या मातब्बर कंपन्यांनाही नवे व्यापारी घेणं थांबवावं लागलं, ते जवळपास वर्षभर. जुन्यांचं काम चालू राहिलं. दारात उभा असलेला नवा व्यापारी मात्र ताटकळला. इझबझ ही गेटवे कंपनी पुण्यातली, पण गाववाला म्हणून निवडण्यातही अर्थ नाही. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर असते, ती आधी पाहावी. नंतर सेटलमेंट किती दिवसांत, पैसे रोखले तर जास्तीत जास्त किती काळ, आणि अशा वेळी फोन कोण उचलणार, हे लेखी मागावं.

‘गेटवेच कशाला?’ हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. चाकणचा कारखाना 80,000चं फिक्स्चर मागवतो तेव्हा कार्डावर 1,600 रुपये कमिशन आणि 288 रुपये कर घालवण्यात शहाणपण नाही. डिसेंबर 2019पासून एनईएफटी चोवीस तास चालू आहे. ते पैसे तिथूनच घ्यावेत. गेटवे लागतो तो नागपूरच्या किंवा गुवाहाटीच्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी, हप्त्यांवर घेणाऱ्यासाठी. आणि दुकान उघडण्याआधी ओळखीच्या कोणाला तरी शंभर रुपयांची खरेदी करायला लावून तिचा परतावा करावा. शंभर रुपये त्याच्या कार्डावर किती दिवसांनी पोचले ते कळेल. कापलेलं कमिशन बहुतेक कंपन्या परत देत नाहीत, तेही खात्यावर दिसेल.