झाडाआडचा पत्रा

सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याच्या आसपासच्या वस्त्यांवर घरं बुटकीच. दहा-बारा फुटांच्या भिंती, वर लोखंडी अँगल, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर दगड. एप्रिल-मेमध्ये वळीव झोडपून जातो तेव्हा एकाचा पत्रा शेजारच्या रानात सापडतो आणि त्याच बांधापलीकडच्या घराचा जागेवर असतो. पत्रा कसा ठोकलाय हे त्याचं पहिलं कारण. पण वाऱ्याच्या वाटेत काय उभं होतं, हेही पाहावं लागतं.

वारा पत्रा दाबत नाही, उचलतो. भिंतीला धडकलेला वारा वळचणीवरून उसळतो आणि छपराच्या कडेवर हवेचा दाब घटतो. त्यात दार उघडं राहिलं तर आत शिरलेली हवा खालून रेटते. वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक, म्हणजे आयएस ८७५ चा तिसरा भाग (२०१५), पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर हा मूळ वेग धरतो. ताशी १४० किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो आणि छपराच्या कोपऱ्यांवर ओढ त्याहून जास्त असते. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेत चार-पाच किलो. वरच्या दगडांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

झाडं इथे उपयोगी पडतात, कारण ती वाऱ्याचा वेग कमी करतात आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. त्याच मानकात दहा मीटर उंचीपर्यंत विरळ आडोसे असलेल्या मोकळ्या रानासाठी वेगाचा गुणक १.०० आहे, तर गर्द झाडीच्या किंवा गावठाणासारख्या भागासाठी ०.९१. म्हणजे दाब साधारण १७ टक्क्यांनी कमी. मात्र ही सूट लांबवर पसरलेल्या झाडीची आहे, अंगणातल्या एका कडुनिंबाची नाही. ऑस्ट्रेलियाचं मानक तर झाडांचा आडोसा हिशेबात धरूच देत नाही. झाड उद्या तोडलं जाऊ शकतं, आणि इथल्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेलेली पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तरीही बांधावरची झाडांची ओळ काम करते. केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती याचसाठी. ओळ निम्मी झिरपती असावी. भिंतीसारखी घट्ट असली तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवऱ्यासारखा कोसळतो. आडोसा सर्वांत चांगला मिळतो तो झाडाच्या उंचीच्या तीन ते पाच पट अंतरावर. आठ मीटरची झाडं असतील तर घर पंचवीस ते चाळीस मीटरवर हवं. सोयीची गोष्ट ही की झाड उन्मळलं तरी एवढ्या अंतरावर घरावर येत नाही. भिंतीला खेटून निलगिरी लावणाऱ्याला मात्र आडोसा धड मिळत नाही आणि फांदीची धास्ती कायमची.

निलगिरीची आणखी एक खोड: बुंधे खाली उघडे असतात, त्यामुळे पानांखालून वारा उलट जोराने घुसतो. ओळीत मध्येच एक झाड मेलं तर त्या खिंडारातही तेच होतं, आणि नेमकं त्यासमोर घर असेल तर ओळ नसती तर बरं, अशी गत. खाली शेवरी किंवा गिरिपुष्प दाटीने लावून ती फट बुजवता येते.

नीरा उजव्या कालव्याच्या भिजत्या रानात उभा ऊसही वारा अडवतो. पण मार्चपर्यंत बहुतेक तोड उरकते आणि वळवाच्या दिवसांत खोडवा गुडघाभर असतो. गरजेच्या वेळी आडोसा नसतो.

वळवाची तऱ्हाही वेगळी. पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे त्या बाजूची ओळ त्याला पुरते. वळवात मात्र ढगातली गार हवा खाली आपटून जमिनीलगत चौफेर फाकते. कोणत्या अंगाने येईल ते सांगता येत नाही. म्हणून पत्रा ठोकताना झाडं नाहीतच असं धरावं. हूक वळचणीच्या ओळीत, कोपऱ्यांवर आणि आढ्यालगत दाट घ्यावेत, मधल्या भागात थोडे विरळ चालतात. अँगलही भिंतीत नीट गाडलेला हवा, नाहीतर पत्रा अँगलसकट जातो.